सामाजिक माध्यम खात्यांचे एकत्रित व्यवस्थापन

सामाजिक माध्यम खात्यांचे एकत्रित व्यवस्थापन म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स (पूर्वीचे ट्विटर), यूट्यूब अशा वेगवेगळ्या माध्यमांवरील एकाच संस्थेची वा व्यक्तीची खाती एका ठिकाणाहून चालविण्याची पद्धत होय. मजकूर प्रसिद्ध करणे, प्रसिद्धीची वेळ आधी ठरवून ठेवणे, वाचकांना उत्तरे देणे आणि मजकूर किती जणांपर्यंत पोहोचला हे पाहणे ही कामे यात एकाच डॅशबोर्डवरून होतात. वृत्तपत्रे, व्यापारी संस्था, शिक्षणसंस्था आणि शासकीय कार्यालये या पद्धतीचा वापर करतात. वेळेची बचत हा तिचा सर्वपरिचित लाभ आहे. तातडीच्या प्रसंगी मात्र सर्व खात्यांवर एकच अचूक माहिती असणे आणि चूक झाल्यास ती सर्वत्र दुरुस्त करता येणे याला अधिक महत्त्व असते.

इतिहास

ट्वीटडेक हे आयन डॉड्सवर्थ यांनी तयार केलेले साधन २००८ मध्ये आले. २०११ मध्ये ट्विटरने ते विकत घेतले. २००८ मध्येच कॅनडातील व्हँकूवर येथे रायन होम्स यांच्या पुढाकाराने हूटसूट सुरू झाले, तर २०१० मध्ये जोएल गॅस्कॉइन यांनी बफर सुरू केले. फेसबुकने स्वतःच्या माध्यमांसाठी २०२० मध्ये आणलेले साधन पुढे मेटा बिझनेस सूट या नावाने ओळखले जाऊ लागले. ट्वीटडेकचे नाव २०२३ मध्ये एक्स प्रो झाले व ते सशुल्क करण्यात आले.

कार्यपद्धती

अशी साधने संबंधित माध्यमाच्या एपीआयद्वारे, म्हणजे दोन संगणकप्रणालींमधील ठरावीक संवादव्यवस्थेद्वारे, मजकूर पाठवितात. परवानगीसाठी बहुधा ओऑथ ही पद्धत वापरली जाते, तिची २.० ही आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाली. या पद्धतीत खातेदाराला आपला पासवर्ड साधनाच्या हवाली करावा लागत नाही. माध्यम त्या साधनाला मर्यादित अधिकारांचे टोकन देते आणि खातेदार ते केव्हाही रद्द करू शकतो. मोठ्या संस्थांत मजकूर लिहिणे, त्यास मान्यता देणे आणि खात्याचे प्रशासन हे अधिकार वेगवेगळ्या व्यक्तींकडे ठेवता येतात.

राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी

या पद्धतीत कोणती दक्षता लागते, हे कोल्हापूरच्या पूरसूचनेवरून स्पष्ट होते. शहराच्या कसबा बावडा भागात पंचगंगा नदीवर राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यात तेथील पाणीपातळी फूट व इंचांत जाहीर केली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी, तर ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मधील महापुरांत पाणी धोका पातळीच्या बरेच वर गेले आणि पुणे–बेंगळुरू महामार्गावरील वाहतूक बंद पडली. घर कधी सोडायचे, जनावरे कधी हलवायची, याचा निर्णय नदीकाठची कुटुंबे या आकड्यावरून घेतात.

हा आकडा सतत बदलत असल्याने त्यासोबत स्थळ, दिनांक व वेळ असणे आवश्यक ठरते. ‘राजाराम बंधारा, ४१ फूट’ एवढाच संदेश काही तासांनी वाचणाऱ्यास पाणी त्यानंतर चढले की उतरले, हे समजत नाही. एका खात्यावर नवा आणि दुसऱ्यावर जुना आकडा राहिल्यास दोन्ही अधिकृत असूनही वाचकाचा गोंधळ होतो. एकत्रित व्यवस्थापनामुळे हा फरक टाळता येतो. मात्र चुकीचा आकडाही त्याच वेगाने सर्व खात्यांवर जातो आणि व्हॉट्सॲपवरून पुढे गेलेली प्रत मूळ खात्याला मागे घेता येत नाही. म्हणून आकडा प्रसिद्धीपूर्वी दुसऱ्या व्यक्तीने तपासणे आणि दुरुस्ती करताना मूळ चुकीचा स्पष्ट उल्लेख करणे इष्ट असते. आधी वेळ लावून ठेवलेले शुभेच्छा व जाहिरातींचे मजकूरही अशा प्रसंगी थांबवावे लागतात. आपत्तीविषयी भीती पसरविणारी खोटी सूचना देणे हा आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम ५४ नुसार दंडनीय अपराध आहे.

सुरक्षितता

अनेक खात्यांची परवानगी एका साधनाकडे असल्यास त्या साधनावरील हल्ल्याचा परिणाम सर्व खात्यांवर होतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये बफरमध्ये घुसखोरी होऊन अनेक वापरकर्त्यांच्या खात्यांवरून नको असलेला मजकूर प्रसिद्ध झाला होता. खात्यात वेळेवर प्रवेश न मिळणेही धोक्याचे ठरते. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाईमध्ये क्षेपणास्त्र हल्ल्याची चुकीची सूचना प्रसारित झाली. ट्विटरवरून खुलासा करण्यास झालेल्या विलंबाबाबत, खात्याचे प्रवेश तपशील आपल्याला ठाऊक नव्हते, असे राज्यपाल डेव्हिड इगे यांनी नंतर सांगितले. त्यामुळे द्विस्तरीय पडताळणी ठेवणे, एकाहून अधिक जबाबदार व्यक्तींना प्रवेश देणे आणि कर्मचाऱ्याची बदली होताच त्याचे अधिकार काढून घेणे या गोष्टी आवश्यक मानल्या जातात.

मर्यादा

ही साधने माध्यमांच्या धोरणांवर अवलंबून असतात. ऑगस्ट २०१८ पासून फेसबुकने बाह्य साधनांद्वारे वैयक्तिक खात्यावर मजकूर टाकण्याची सोय बंद केली. माध्यमांची संख्या अधिक असली तरी त्यांमागील यंत्रणा एकच असू शकते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास एकाच वेळी बंद होती. पुरात वीज व मोबाइल सेवा खंडित होण्याचीही शक्यता असते. त्यामुळे आकाशवाणी, ध्वनिक्षेपक व गावपातळीवरील प्रत्यक्ष निरोप यांची गरज या पद्धतीमुळे संपत नाही.