रंग बदलणाऱ्या घरगुती आणि गावपातळीवरच्या तपासण्या: निकाल कसा वाचावा?

भोर किंवा वेल्हे (आता राजगड) तालुक्यातल्या डोंगरातल्या वाडीवर राहत असाल, तर प्रयोगशाळा जवळ नसते. पावसाळ्यात तर भोरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंत किंवा वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोहोचायलाही वेळ लागतो. अशा ठिकाणी आशाताई, आरोग्य सेविका आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक यांच्याकडच्या साध्या तपासण्या फार उपयोगी पडतात. त्यांना यंत्र लागत नाही. रेघ उमटते किंवा रंग बदलतो आणि निकाल डोळ्यांना दिसतो.

मात्र प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाचे उत्तर देते, तेही ठरलेल्या वेळेत वाचली तरच. हे लक्षात न घेतल्यास 'निकाल चांगला आला' म्हणून उपचाराला उशीर होऊ शकतो.

गर्भधारणेची तपासणी

या कार्डावर लघवीतील एचसीजी हे संप्रेरक ओळखले जाते. सकाळची पहिली लघवी घ्या. कार्डाच्या खाचेत पाकिटावर सांगितले असतील तितकेच थेंब टाका आणि साधारण ५ मिनिटांनी निकाल पाहा.

- 'सी' आणि 'टी' अशा दोन रेघा: गर्भधारणा आहे. 'टी'ची रेघ फिकट असली तरी अर्थ तोच.
- फक्त 'सी'ची रेघ: गर्भधारणा आढळली नाही. पाळी आलीच नाही तर आठवड्याने पुन्हा तपासा.
- 'सी'ची रेघच नाही: कार्ड बाद. नवे कार्ड वापरा.

बऱ्याच वेळाने उमटलेल्या रेघेवर विसंबू नका. गर्भ गर्भाशयात आहे की नळीत, हे कार्ड सांगत नाही. दोन रेघा आल्या आणि पोटात एका बाजूला तीव्र वेदना, रक्तस्राव किंवा चक्कर असेल, तर ताबडतोब रुग्णालयात जा.

गरोदरपणात लघवीतील प्रथिने

प्रत्येक तपासणीच्या वेळी लघवीत एक पट्टी बुडवतात, ती याचसाठी. पट्टीवरचा पिवळा चौकोन प्रथिनांमुळे हिरवट होत जातो. साधारण ६० सेकंदांनी तो डबीवरच्या रंगांशी जुळवतात. एक अधिक (१+) म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ३० मिलिग्रॅम प्रथिने.

२० आठवड्यांनंतर लघवीत प्रथिने आणि रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त, हे प्रीएक्लाम्प्सियाचे लक्षण असू शकते. यात आईला झटके येऊ शकतात आणि बाळाच्याही जिवाला धोका असतो. लघवी फार घट्ट असेल किंवा तिच्यात पांढरे पाणी मिसळले, तर पट्टी चुकीने हिरवी होऊ शकते. उलट, पट्टी पिवळीच राहिली म्हणून धोका नाही असेही नाही. त्यामुळे पट्टीसोबत रक्तदाब मोजलाच पाहिजे. 'पट्टी झाली, आता बीपी पण बघा' असे सांगायला संकोच करू नका.

मलेरियाची झटपट तपासणी

बोटातून थेंबभर रक्त घेऊन साधारण १५ ते २० मिनिटांनी (कीटवर लिहिलेल्या वेळी) रेघा पाहतात. 'सी'ची रेघ इथेही आवश्यक आहे. निकाल निगेटिव्ह आला पण थंडी-ताप सुरूच राहिला, तर रक्ताची काच तपासून घ्या. काही कीटवर उपचारानंतरही काही आठवडे रेघ उमटू शकते. म्हणून नुकताच मलेरिया होऊन गेला असेल तर तसे सांगा.

पिण्याचे पाणी

झऱ्याचे किंवा विहिरीचे पाणी स्वच्छ दिसते, पण जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड परिसरात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हाही पाण्याचे नमुने तपासावे लागले. गावात दोन तपासण्या होतात.

*ओटी चाचणी:* पाण्यात टीसीएल पावडर टाकल्यावर किमान अर्ध्या तासाने पाण्याच्या नमुन्यात ओटीचे थेंब टाकतात. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. तो रंगपट्टीशी जुळवून प्रमाण कळते. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा. नमुना टाकीजवळ न घेता वाडीतल्या शेवटच्या नळावर घ्यायला सांगा, कारण तिथे पोहोचेपर्यंत क्लोरीन कमी होतो. ओटीचे द्रावण विषारी आहे. ते मुलांपासून दूर ठेवा आणि तपासलेले पाणी पिऊ नका.

*एचटूएस बाटली:* खुणेपर्यंत पाणी भरून बाटली २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवतात. पाणी काळे झाले तर त्यात मैला मिसळल्याची दाट शंका असते. थंडीत निकाल उशिरा येतो, म्हणून पूर्ण ४८ तास थांबा. पाणी काळे झाले नाही तरी फ्लोराइड, नायट्रेट किंवा औषधफवारणीचे अंश यांबद्दल ही बाटली काहीच सांगत नाही.

पाणी काळे झाले तर ग्रामपंचायतीला कळवा. स्रोत शुद्ध होईपर्यंत पिण्याचे पाणी खळखळ उकळी आल्यावर आणखी किमान १ मिनिट उकळा.

तपासणीआधी पाहा

- पाकिटावरची मुदत संपलेली नसावी.
- पाकीट फाटलेले किंवा ओलसर नसावे. दमट हवेत पट्ट्या लवकर खराब होतात, म्हणून डबीचे झाकण लगेच लावा.
- निकाल दिवसाच्या उजेडात वाचा. शक्य असल्यास दोघांनी पाहा.

थांबू नका

पुढील लक्षणे असतील तर निकाल काहीही असो, १०८ क्रमांकावर फोन करा:

- गरोदरपणात तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, चेहरा-हातांवर अचानक सूज किंवा झटके
- तापासोबत गुंगी, झटके किंवा धाप
- जुलाबांसोबत लघवी बंद होणे किंवा मूल सुस्त पडणे
- हातापायांतली ताकद झपाट्याने कमी होणे

चांगला निकाल हातात असला तरी ही लक्षणे दिसताच निघा. निर्णय लक्षणांवरून घ्यायचा असतो.