ॲल्युमिनियमाचे ‘मिग’ वितळजोडकाम

ॲल्युमिनियम सु. ६६०° से.ला वितळते, मात्र त्याच्या पृष्ठावरील ऑक्साइडाचा पातळ थर २,०००° से.च्या वर तापविल्याखेरीज वितळत नाही. पूर्वी हा थर अभिवाहाने काढीत. तथापि सांध्यात राहिलेला अभिवाह पुढे धातूच खाई. अक्रिय वायूच्या आवरणात विद्युत् प्रज्योत पेटविण्याची एकस्वे होबार्ट व डेव्हर्स यांना १९३० मध्ये मिळाली, पण तिची निकड विमानउद्योगाला भासली. रसेल मेरेडिथ यांनी नॉर्थ्रॉप कंपनीत १९४१ च्या सुमारास मॅग्नेशियमासाठी टंगस्टन अग्र व हीलियम वापरले. जाड पत्र्यांना ही रीत फारच मंद पडे. म्हणून १९४८ मध्ये बॅटेल मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये सतत पुढे सरकणारी धातूची तारच अग्र म्हणून योजण्यात आली. तार धन ठेवली की प्रज्योतीनेच ऑक्साइड उखडले जाते, अभिवाह लागत नाही.

अडचण राहिली ती तारेच्या मऊपणाची. पोलादी तारेसाठीचे व्ही-खाचेचे रूळ तिला चेपतात आणि लांब नळीतून ढकलताना रुळांपाशीच तिचा गुंता होतो. यासाठी यू-खाचेचे रूळ, हलका दाब व नळीला नायलॉनचे किंवा टेफ्लॉनचे अस्तर वापरतात. कित्येकदा तारेचे लहान रीळ टॉर्चवरच बसवितात. पोलादाला चालणारा कार्बन डाय-ऑक्साइड येथे निषिद्ध असून आर्गॉनच लागतो.