ऐच्छिक गणित

पेशव्यांचे घोडे जेथे बांधले जात त्या हुजूरपागेच्या जागेवर नांदू लागलेली पुण्याची मुलींची शाळा १८८४ साली निघाली, तेव्हापासून तिच्या अस्तित्वापेक्षा तिच्या अभ्यासक्रमावरच अधिक वाद माजला. मुलग्यांचे विषय मुलींच्या माथी मारू नयेत, शाळेचे तास कमी करून गृहकृत्यास उपयोगी तेवढेच शिकवावे, असा टिळकांच्या ‘मराठा’ पत्राचा १८८७ सालचा आग्रह होता.

विरोधकांचे हे म्हणणे अपेक्षितच होते. परंतु जपानच्या महिला विद्यापीठाचे वृत्त वाचून स्फूर्ती घेतलेल्या अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली आपले विद्यापीठ स्थापिले, तेव्हा गृहजीवनाशी निगडित विषयांना तेथे मानाचे पान मिळाले आणि गणित व भौतिक शास्त्रे ऐच्छिकांत गेली. आणि योजनाकार कर्वे तर फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविलेले, पहिले कुलगुरू रघुनाथराव परांजपे केंब्रिजचे सीनियर रँग्लर! कर्व्यांचा हेतू निःसंशय निर्मळ होता. तरी मला वाटते, विरोधकांच्या मनाईपेक्षा हितचिंतकांनी दिलेली ही मुभाच समाजाच्या अधिक अंगवळणी पडली.

पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ झालेल्या कमला भागवतांना ती मुभा नको होती. वडील आणि चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे घरी हा विषय परका नव्हता. मात्र पदवी परीक्षेत मुंबई विद्यापीठात अग्रस्थानी येऊनही १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांचा अर्ज, केवळ त्या स्त्री म्हणून, संचालक रामन यांनी नामंजूर केला. कमलाबाईंनी समक्ष जाऊन जाब विचारला, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर: पहिले वर्ष केवळ उमेदवारीचे आणि त्यांच्या वावराने पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. (चित्त ज्याचे विचलित व्हायचे, त्याच्यावर काही अट घातल्याचे आढळत नाही.) पुढे केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतील सायटोक्रोम ‘सी’ हे श्वसनक्रियेतील प्रथिन त्यांना गवसले आणि १९३९ साली डॉक्टरेट मिळाली.

मुलगे आणि मुली यांच्या शालेय अभ्यासक्रमातील भेद मोडावा, अशी शिफारस पुढे ज्या समितीने केली तिच्या अध्यक्षा हंसाबेन मेहता; त्या पूर्वी कर्व्यांच्याच विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. १९६६ साली कोठारी आयोगाने ती उचलून धरली आणि दहावीपर्यंत गणित व विज्ञान सर्वांना आवश्यक करावे असे सुचविले. त्याच आयोगाने सुचविलेल्या कार्यानुभवाच्या तासाला मात्र कित्येक शाळांतून मुलगे सुतारकामाला आणि मुली शिवणाला बसत राहिल्या.