थांबा, डॉक्टर!

सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत ठेवायची नळी, घालताना मी चेकलिस्ट घेऊन शेजारी उभी असते. एखादी पायरी राहिली, की डॉक्टरांना थांबवते. आमच्या आयसीयूत नव्याने आलेल्या मुलींना यात विशेष काही वाटत नाही. पण नर्सला हा अधिकार मिळाला तो अगदी अलीकडे.

शिरेत सुई घालणं हे पूर्वी डॉक्टरांचंच काम. 1940 साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने ते एडा प्लमर या नर्सकडे सोपवलं. सलाईन आणि रक्त देणं, नळ्या धुणं, बोथट सुयांना धार लावणं, सगळं त्यांच्याकडे. पात्रता एकच, शीर नेमकी सापडली पाहिजे. पुढे प्लॅस्टिकचे कॅथेटर आले. नळी दिवसचे दिवस शिरेत राहू लागली आणि जंतूंना थेट रक्तात शिरायला वाट मिळाली. 1970-71 मध्ये तर एका कंपनीच्या सलाईनच्या बाटल्यांच्या झाकणांतच जंतू निघाले, अमेरिकाभरातले रुग्ण आजारी पडले. सलाईनचा सेट ठरलेल्या वेळी बदलायची शिस्त तेव्हापासून कडक झाली.

2001 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी सेंट्रल लाइनसाठी पाच गोष्टी कागदावर मांडल्या: हात धुवा; त्वचा क्लोरहेक्सिडीनने पुसा; टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घालून रुग्णाला पूर्ण झाका; जांघेतली शीर शक्यतो टाळा; गरज संपली की लाइन काढा. आधी महिनाभर नर्सेसनी नुसतं पाहून नोंदी केल्या. एक तरी पायरी राहून गेलेले रुग्ण एक तृतीयांशाहून जास्त निघाले! मग व्यवस्थापनाने डॉक्टरांना थांबवायची मुभा नर्सला दिली आणि ते तिच्या पाठीशी उभं राहिलं. सामान शोधत हिंडायला नको म्हणून एक ट्रॉलीही केली. मिशिगनच्या शंभराहून अधिक आयसीयूंत हीच पद्धत नेली, तेव्हा दर हजार लाइन-दिवसांमागे 2.7 असलेला संसर्गाचा मध्यक तीन महिन्यांत शून्यावर आला.

हात धुवा, त्वचा पुसा, हे मुंबईत आमच्या ट्यूटर सिस्टरांनी घोकून घेतलं होतं. डॉक्टरांना अडवायचं कसं, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं. त्या कागदावर नर्सला ठाऊक नसलेलं फारसं काही नव्हतंच. ठाऊक असलेलं बोलायची सोय तेवढी नवी होती. म्हणून लाइनचं तोंड, म्हणजे हब, घासायला शिकवण्याआधी मी नव्या मुलीकडून एक वाक्य मोठ्याने म्हणवून घेते: "डॉक्टर, थांबा. गाऊन राहिलाय."