हिवरगावच्या पवळाबाई

पवळाबाईंचे नाव निघाले की आमच्यातली काही मंडळी मान खाली घालतात. तमाशातली बाई, तिचे विहाराच्या स्मरणिकेत काय काम, असेही कुणी म्हणेल. आम्ही म्हणतो, इथेच पाहिजे.

संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावी १८७० साली एका महार घरात त्यांचा जन्म झाला. त्या काळी तमाशात बाई नसे. पोरगाच लुगडे नेसून नाच्या व्हायचा. बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळाबाईंचेच नाव घेतात. त्यांचे जोडीदार पठ्ठे बापूराव, म्हणजे वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. लावणी लिहिणारा ब्राह्मण, ती गाऊन-नाचून दाखवणारी आपल्या समाजाची बाई. लोकांची झुंबड उडायची.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवायची नाही. १९२७ च्या महाड सत्याग्रहासाठी बापूराव तमाशाच्या खेळांचे पैसे द्यायला आले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. समाजाच्या बाया नाचवून मिळालेला पैसा त्यांना नको होता. बरोबरच केले. पण तो नकार नाचवून कमावण्याला होता. नाचणारीला आपण विसरावे, असे त्यात कुठे आहे? गावाने तिच्या पोटाची दुसरी कोणती सोय ठेवली होती, सांगा ना!

पवळाबाई १९३९ साली गेल्या, बापूराव १९४५ साली. पुढे १९५० मध्ये चित्रपट निघाला. त्याचे नाव ‘पठ्ठे बापूराव’.