निलगिरीची थोरली पाती

डोंगराला नाव मुंबईच्या गव्हर्नरांचं आणि त्याच्या पायथ्याच्या झाडाला नाव एका वनरक्षकाचं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधला सर्वांत उंच डोंगर म्हणजे माउंट बार्टल फ्रिअर. ज्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला, तेच हे फ्रिअरसाहेब. इथल्या चिंब पावसाळी जंगलात व्हिक्टर स्टॉकवेल या वनरक्षकाला एक प्रचंड झाड आढळलं. ते कुठल्या कुळशाखेत बसवायचं हेच कळेना, म्हणून बराच काळ त्याला ‘व्हिक स्टॉकवेलचं कोडं’च म्हणत. रीतसर शास्त्रीय नाव मिळालं ते थेट २००२ साली : स्टॉकवेलिया क्वाड्रिफिडा. नाव देणाऱ्यांत डेनिस आणि स्टेला कार हे निलगिरीचं जाणकार दांपत्य होतं, आणि ते योग्यच झालं. कारण हे झाड निलगिरीच्या घराण्यातलं निघालं.

आपल्याला निलगिरी माहीत आहे ती रखरखीत माळावर तग धरणारी. ऑस्ट्रेलियात तर ती वणव्यातून होरपळून निघाली तरी सालीखालच्या खोल डोळ्यांतून पुन्हा फुटते. स्टॉकवेलियाचा पत्ता नेमका उलटा, ओल्या अंधाऱ्या जंगलातला. तिची जवळची दोन भावंडंही बघा : आर्नहेम लँडच्या वालुकाश्मी घळींत, वणव्यापासून आडोसा धरून राहिलेली अ‍ॅलोसिंकार्पिया आणि न्यू गिनी, मोलुकाच्या जंगलांतली युकॅलिप्टॉप्सिस. पॅटागोनियात निलगिरीची सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वीची पानं, फुलं, फळं दगडात सापडली आहेत. दक्षिण अमेरिका तेव्हा अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियाला जोडलेली होती. ही झाडंही पावसाळी जंगलाच्या शेजारी, ज्वालामुखीनं उजाड केलेल्या जागी वाढत असावीत. पुढे ऑस्ट्रेलिया खंड कोरडं पडत गेलं, आगी वाढल्या आणि घराण्याच्या धाकट्या पातीची, म्हणजे निलगिरीची, भरभराट झाली. आज एकट्या युकॅलिप्टस प्रजातीतच सातशेहून अधिक जाती आहेत. स्टॉकवेलियाची एकच.

तिला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणण्याची हौस मात्र मला पटत नाही. ती निलगिरीची पणजी नव्हे, चुलत बहीण आहे. फाटा फुटल्यापासून दोघी सारखाच काळ जगल्या आहेत, धाकटी घराबाहेर पडली, थोरली ओलीतच राहिली.

ओलीतही आता निर्धास्त राहता येत नाही. जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी यांच्या कुळाची कोवळी फूट खाणारा मर्टल रस्ट हा तांबेरा २०१० साली ऑस्ट्रेलियात शिरला. स्टॉकवेलिया याच कुळातली आहे, आणि बार्टल फ्रिअरच्या परिसराबाहेर तिचं रानच नाही.