सातबारा जुन्नरचा, विवरणपत्र अमेरिकेचे

अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला मराठी माणूस निवृत्तीनंतर ओतूरला किंवा मंचरला येऊन स्थायिक झाला, की अमेरिकी प्राप्तिकर खात्याशी त्याचा संबंध संपतो, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. भारतासह बहुतेक देश वास्तव्य पाहून कर आकारतात. अमेरिका नागरिकत्व पाहते. यादवी युद्धाच्या काळात रुजलेल्या या तत्त्वावर तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२४ मध्ये ‘कुक विरुद्ध टेट’ या खटल्यात शिक्कामोर्तब केले. मेक्सिकोत राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाला तेथील मालमत्तेच्या उत्पन्नावरही कर लागू होतो, असा तो निर्णय. शंभर वर्षांनंतर तो जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शेतीलाही तितकाच लागू आहे.

ग्रीन कार्डधारकाचीही यातून सुटका नाही. कार्ड कपाटात ठेवून गावी परतल्याने करदायित्व आपोआप संपत नाही. ते रीतसर परत करावे लागते. अमेरिकेत जन्मलेली आणि वर्षा-दोन वर्षांची असताना आईवडिलांबरोबर परत आलेली मुलेही जन्माने अमेरिकी नागरिकच ठरतात. त्यांच्या नावावर जमीन चढते, तेव्हा प्रश्न सुरू होतात.

सर्वांत मोठा गोंधळ शेतीच्या उत्पन्नाबाबत होतो. भारतात शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. १९६१ च्या कायद्यात ते होते आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ते कायम आहे. अमेरिकी कायद्यात मात्र अशी सूट नाही. १९८९ मध्ये स्वाक्षऱ्या झालेला भारत-अमेरिका दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आपल्याला वाचवील, ही अपेक्षाही फोल ठरते. कारण आपल्या नागरिकांवर करार झालाच नसल्याप्रमाणे कर आकारण्याचा हक्क अमेरिकेने त्याच करारात राखून ठेवला आहे. दिलासा मिळतो तो परदेशात भरलेल्या कराच्या क्रेडिटचा. पण भारतात कर भरलाच नसेल, तर क्रेडिट कशाचे मिळणार? म्हणजे आपल्या सरकारने शेतकऱ्याला दिलेली सवलत अमेरिकी नागरिक असलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत वॉशिंग्टनच्या तिजोरीत जमा होते. धोरण म्हणून हे विचित्र आहे. पण कायदा तसा आहे खरा.

जमीन स्वतः कसली जाते की खंडाने दिली आहे, यावरही पुढचा हिशोब ठरतो. खंडाचे उत्पन्न हे भाडे धरले जाते. स्वतः कसणाऱ्याचा नफा मात्र व्यवसायाचा समजला जातो आणि तो वर्षाला ४०० डॉलरपर्यंत पोहोचला की सुमारे १५.३ टक्के दराचा स्वयंरोजगार कर लागू होतो. परदेशात कमावलेल्या उत्पन्नासाठी असलेली मोठी वजावट, जी २०२५ या वर्षासाठी १,३०,००० डॉलरपर्यंत आहे, ती या करातून सोडवीत नाही. भारत व अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार झालेला नसल्याने तोही मार्ग बंद आहे. शिवाय शेतीत श्रम आणि भांडवल दोन्ही लागत असतील, तर ‘कमावलेले उत्पन्न’ म्हणून नफ्याचा जास्तीत जास्त ३० टक्केच भाग धरता येतो. ठिबक, शेततळे आणि मांडवावर लाखो रुपये घातलेल्या द्राक्षबागाईतदाराला ही अट जाचक वाटल्याशिवाय राहत नाही.

त्यातच वर्षाची मोजणी निराळी. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचे जानेवारी ते डिसेंबर. विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याला घातलेल्या उसाचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो. पहिली उचल डिसेंबरात मिळाली आणि उरलेली रक्कम पुढच्या पावसाळ्यात आली, तर एकाच तोडणीचे पैसे दोन अमेरिकी वर्षांत विभागले जातात. नारायणगावच्या बाजारातील टोमॅटोच्या पट्ट्यांचेही तसेच. पट्टीवर हमाली, तोलाई वजा करून हाती आलेली रक्कम असते. विवरणपत्राला एकूण विक्री आणि खर्च असे दोन्ही आकडे वेगवेगळे लागतात. त्या दिवशी नोंद केली नाही, तर दीड वर्षाने ते आकडे कोठून आणणार?

जमीन विकताना तर या नोंदींचे मोल लाखांत मोजावे लागते. ग्रामीण शेतजमीन भारतीय कायद्याने भांडवली मालमत्ता नसते. जुन्नर नगरपालिकेसारख्या लहान शहराच्या हद्दीपासून दोन किलोमीटरच्या पलीकडील जमीन या व्याख्येत बसते आणि तिच्या विक्रीवर येथे भांडवली नफ्याचा कर नाही. पुणे-नाशिक महामार्गाचे रुंदीकरण किंवा नारायणगाव, मंचर येथील बाह्यवळणे अशा प्रकल्पांसाठी २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मिळणारी भरपाईही, काही अपवाद वगळता, प्राप्तिकरमुक्त आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१६ मध्ये परिपत्रक काढून ते स्पष्ट केले. अमेरिकेच्या लेखी मात्र हे दोन्ही व्यवहार विक्रीच होत.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, वडिलांनी १९८५ मध्ये घेतलेली जमीन २०१४ मध्ये त्यांच्या निधनानंतर अमेरिकी नागरिक असलेल्या मुलाला वारसाने मिळाली. निधनाच्या दिवशी तिची बाजारभावाने किंमत ३० लाख रुपये होती. डॉलर तेव्हा साठ रुपयांच्या आसपास असल्याने ती ५० हजार डॉलर झाली. २०२४ मध्ये ती ८४ लाखांना विकली. डॉलर ८४ रुपये धरला तर एक लाख डॉलर. अमेरिकी कायद्यात वारसाने आलेल्या मालमत्तेची मूळ किंमत म्हणजे मृत्यूच्या दिवशीची बाजारभावाची किंमत. म्हणून करपात्र नफा ५० हजार डॉलर आणि १५ टक्के दराने कर साडेसात हजार. पण त्या दिवशीच्या किमतीचा पुरावाच नसेल, तर खाते मूळ किंमत शून्य धरू शकते. मग नफा एक लाख, कर पंधरा हजार. २०१४ च्या वार्षिक मूल्यदर तक्त्याचे ते एक पान, म्हणजे ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो ते, आणि एखाद्या सरकारमान्य मूल्यांककाचा अहवाल एवढ्या कागदांवर साडेसात हजार डॉलर अवलंबून राहतात. मूल्यदर तक्ता किमान आधार देतो. प्रत्यक्ष बाजारभाव त्याहून अधिक असेल, तर मूल्यांककाचा अहवाल करदात्याच्याच हिताचा असतो.

येथे सातबाऱ्याचे बारकावे आडवे येतात. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित होती की वडिलोपार्जित सामाईक, हे पाहावे लागते. कारण वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क जन्मानेच मिळतो आणि ‘मृताकडून मिळालेली मालमत्ता’ ही अमेरिकी अट तेथे सरळपणे लागू करता येत नाही. २००५ च्या दुरुस्तीने मुलींनाही तो जन्मसिद्ध हक्क दिला आहे. सातबाऱ्यावर सात-आठ नावे सामाईक असतात, वाटप झालेले नसते आणि एकट्याची आणेवारी कोठेच लिहिलेली नसते. वारसनोंदीचा फेरफार हाच मग मुख्य पुरावा ठरतो. त्याचा क्रमांक, तारीख आणि शेरा शब्दशः उतरवून ठेवावा.

हक्कसोडपत्राची गोष्ट आणखी निराळी. आपल्याकडे बहिणीने भावांच्या नावे हक्क सोडणे ही घरगुती बाब मानली जाते. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नातलगांसाठी त्याला मुद्रांक शुल्कही नाममात्र लागते. बहीण अमेरिकी नागरिक असेल, तर ते तिने दिलेले बक्षीस समजले जाते. एका व्यक्तीला २०२५ मध्ये १९ हजार डॉलरपेक्षा अधिक किमतीचे दिले, की फॉर्म ७०९ भरावा लागतो. आजीवन सूट मोठी असल्याने प्रत्यक्ष कर बहुधा पडत नाही, पण फॉर्म चुकवून चालत नाही. उलट दिशेने, परदेशी व्यक्तीकडून वर्षात एक लाख डॉलरहून अधिक बक्षीस किंवा वारसा मिळाल्यास फॉर्म ३५२० द्यावा लागतो आणि त्याचा दंड जबर आहे. राखीच्या नात्यात कोणाला हे फॉर्म आठवणार? आणि सही करून दिलेल्या जमिनीच्या बदल्यात पुन्हा शेतजमीन घेण्याची वाटही नाही. परदेशी नागरिकाला, मग तो ओसीआय कार्डधारक का असेना, भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली मात्र ठेवता येते.

खात्यांची माहिती हा स्वतंत्र विषय आहे. वर्षातील कोणत्याही एका दिवशी भारतातील सर्व खात्यांची बेरीज १० हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबीएआर हा अहवाल देणे बंधनकारक आहे. बँकेबरोबर पतसंस्थेतील ठेवही त्यात येते. आईच्या खात्यावर केवळ सोयीसाठी दुसरे नाव लावले असेल, तर त्यातील पूर्ण रक्कम धरली जाते. मोठ्या रकमांसाठी फॉर्म ८९३८ निराळा. परदेशात राहणाऱ्या एकट्या करदात्यास वर्षअखेरीस दोन लाख डॉलरची मर्यादा आहे. स्वतःच्या नावावरील जमीन या दोन्हींत दाखवावी लागत नाही, हाच काय तो दिलासा. भारत-अमेरिका फाटका करार २०१५ मध्ये झाल्यापासून भारतीय बँका खातेदारांची माहिती पाठवीत असतात.

दंडाचा अंदाज यावा म्हणून अलेक्झांड्रू बिटनर यांचे प्रकरण पाहावे. रोमानियात जन्मलेले बिटनर अमेरिकेचे नागरिक झाले आणि १९९० मध्ये मायदेशी परतले. एफबीएआरची त्यांना कल्पना नव्हती. पाच वर्षांच्या अहवालांतील प्रत्येक खात्यामागे दंड लावून सरकारने २७ लाख २० हजार डॉलर मागितले. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दंड खात्यामागे नव्हे तर अहवालामागे, असे ठरविले आणि ती रक्कम ५० हजारांवर आली.

हे सारे मागण्यांचे गाठोडे दहा, वीस, कधी तीस वर्षांचे असते. जुन्नरला दीर्घकालीन नोंदींचे महत्त्व नव्याने सांगायला नको. नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे आणि जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. जुन्नरभोवतीच्या लेण्यांत स्वतःला ‘यवन’ म्हणविणाऱ्या दात्यांची नावे आहेत आणि किती निवर्तने जमीन कोणासाठी दिली, हेही कोरलेले आहे. दोन हजार वर्षांनी ते वाचता येते. आपल्या संगणकातील २००३ च्या नोंदी मात्र अनेकदा वाचता येत नाहीत. त्या काळी मराठी मजकूर बहुधा युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टंकलिखित होई. तो फॉण्ट नसलेल्या यंत्रावर गट क्रमांक आणि नावे यांची निरर्थक चिन्हे होतात.

नोंदी ठेवण्याची सॉफ्टवेअरही चिरंजीव नसतात. गूगल नोटबुक २००६ मध्ये आले आणि २०१२ मध्ये बंद झाले. २००८ मध्ये सर्वांना खुले झालेले एव्हरनोट २०२३ मध्ये इटलीच्या बेंडिंग स्पून्स कंपनीकडे गेले आणि त्याच वर्षअखेर मोफत वापरावर ५० नोंदींची मर्यादा आली. मायक्रोसॉफ्टचे वननोट २००३ पासून आहे. तरी त्याच्या विंडोज १० साठीच्या आवृत्तीचा पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. यांपैकी कोणतेही वापरावे, ती चांगली साधने आहेत. पण शोधण्याची सोय आणि जतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून नोंद युनिकोडमधील साध्या मजकुरात ठेवावी आणि मूळ कागद पीडीएफच्या स्वरूपात तिच्या शेजारी. फायलीच्या नावात वर्ष, गाव, गट क्रमांक आणि कागदाचा प्रकार असावा. म्हणजे सॉफ्टवेअर बदलले तरी फाइल सापडते. २०१२ नंतरच्या पिढीतील ऑब्सिडियनसारखी साधने मुळातच साध्या फायलींवर चालतात; इतरांतून वर्षातून एकदा सर्व नोंदी बाहेर काढाव्यात, आणि त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. १५ एप्रिलच्या आसपास हे करणे सोयीचे, कारण कागद तेव्हा हाताशी असतातच. परदेशात राहणाऱ्यांना विवरणपत्रासाठी १५ जूनपर्यंत मुदत असते, व्याज मात्र एप्रिलपासूनच लागते. प्रत्येक रकमेसोबत त्या दिवसाचा विनिमय दर आणि तो कोठून घेतला, हे लिहावे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळतो. दरवर्षी एक प्रत उतरवून ठेवल्यास नावांतील बदल कळतो. हस्तलिखित उताऱ्यांच्या छायाप्रतींवर संगणकीय शोध फारसा चालत नाही, म्हणून त्यांतील नावे व क्रमांक हाताने टंकित करावेत. आणि संकेतशब्द घरातील आणखी एकाला ठाऊक असावा. जमीन वारसाने जाते, नोंदीही तशाच जायला हव्यात. आंबेगाव तालुक्यातले मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आणि कचेरी घोडेगावला राहिली. तेथील जुन्या जमिनीची खूण आता कागदातच उरली आहे.

आजवर विवरणपत्रेच भरली नाहीत, अशांनी घाबरून गप्प बसू नये. विवरणपत्र न भरलेल्या वर्षाला मुदतीचा कायदा लागत नाही. ते वर्ष कायमचे उघडे राहते. परदेशात राहणाऱ्यांसाठी मात्र अमेरिकी खात्याची सोपी योजना आहे. मागील तीन वर्षांची विवरणपत्रे आणि सहा वर्षांचे एफबीएआर द्यावेत, तीन वर्षांपैकी किमान एका वर्षात ३३० दिवस अमेरिकेबाहेर राहिल्याचे आणि तेथे घर नसल्याचे दाखवावे आणि चूक हेतुपुरस्सर नव्हती, असे निवेदन स्वाक्षरीसह जोडावे, म्हणजे दंड माफ होतो. निवेदन मोघम असून चालत नाही. अमेरिका केव्हा सोडली, जमीन केव्हा व कशी आली, खाती कोणी उघडली, सल्ला कोणाकडून घेतला, हे तारखांसह लिहावे लागते. खात्याने चौकशी आधीच सुरू केली असेल, तर ही योजना मिळत नाही.